डबा थांबतो, आंबा थांबत नाही

मे महिना अर्धा उलटला की रत्नागिरी-देवगडच्या रस्त्यांवर जागोजागी ताडपत्रीखाली वजनकाटे लागतात आणि शेजारी क्रेट्सची चळत उभी राहते. तिथे 'कॅनिंगचा', म्हणजे रस काढून डब्यात भरण्याचा, आंबा घेतात. डाग पडलेला, वाऱ्याने गळलेला, पेटीत बसणार नाही इतका लहान, असा सगळा हापूस तिथे जातो. एप्रिलमध्ये डझनावर आणि पेटीवर मोजला जाणारा आंबा मेमध्ये किलोवर येतो. मग भेटेल तो बागायतदार दुसऱ्याला विचारतो, "कॅनिंगला काय दर चाललाय?"

हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकतो आहे. त्यातला 'चाललाय' हा शब्द मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आला. दर चालतो, म्हणजे तो आधी ठरलेला नसतो. आंबा झाडावरून उतरल्यावर, बऱ्याचदा टेम्पोत भरल्यावर, तो कळतो. पाऊस जवळ आला की माल एकदम येतो आणि घेणाऱ्याला घाई उरत नाही. झाडाला मात्र थांब म्हणून सांगता येत नाही.

हे आधी सांगायचं कारण असं, की आपल्याकडे नाशवंत मालाचा भाव कोसळला की एक उत्तर ठरलेलं आहे. नारायणगावला किंवा पिंपळगाव बसवंतला टोमॅटो मातीमोल झाला, शेतकऱ्याने क्रेट रस्त्यावर ओतले, की दुसऱ्या दिवशी अग्रलेखात, विधानसभेत आणि चहाच्या टपरीवर एकच वाक्य ऐकू येतं: प्रक्रिया उद्योग उभारा. केंद्राच्या 2018-19 च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा आणि बटाट्यासाठी 'ऑपरेशन ग्रीन्स' जाहीर झालं आणि त्याला 500 कोटी रुपये दिले गेले, त्यामागेही हाच विचार होता. मला ही मागणी पटते, पण ती अर्ध्यावर थांबते. कारखाना फळाला वेळ मिळवून देतो. तो वेळ कुणाच्या मालकीचा, हे कुणी विचारत नाही. ज्या मुलुखात फळं डब्यात भरण्याचा धंदा सगळ्यात मोठा झाला, तिथला इतिहास या प्रश्नाभोवतीच फिरतो, म्हणून तो नीट पाहायला हवा.

कॅलिफोर्नियातल्या सनीवेल गावात अनेक मराठी घरं आहेत. तिथे फळांच्या डब्यासारखी रंगवलेली एक जुनी पाण्याची टाकी उभी आहे. ती लिबी कंपनीच्या कॅनरीची, म्हणजे फळं डब्यात भरणाऱ्या कारखान्याची. आज ज्याला सिलिकॉन व्हॅली म्हणतात ते सांता क्लारा खोरं शंभर वर्षांपूर्वी जर्दाळू, आलुबुखार आणि पीचच्या बागांनी भरलेलं होतं. फळ भरपूर आणि खाणारा पूर्वेला हजारो मैलांवर. 1869 मध्ये रेल्वे देशाच्या या टोकापासून त्या टोकाला जोडली गेली, पण पिकलेला पीच तेवढा प्रवास कुठला सोसणार?

हवाबंद डब्याची युक्ती तोवर जुनी झाली होती. निकोला आपेर या फ्रेंच मिठाईवाल्याला बाटलीत अन्न उकळून टिकवण्याच्या पद्धतीबद्दल 1810 मध्ये सरकारकडून 12,000 फ्रँक मिळाले. अन्न नासतं कशाने हे त्याला ठाऊक नव्हतं. ज्याने ते पुढे सांगितलं तो पाश्चर अजून जन्मायचा होता. बाटलीच्या जागी कथलाचा मुलामा दिलेला पत्रा इंग्लंडमध्ये आला आणि 1813 मध्ये लंडनच्या बर्मंडसी भागात ब्रायन डॉन्किन आणि जॉन हॉल यांचा कारखाना आरमाराला डबे पुरवू लागला. गंमत म्हणजे डबा उघडायचं हत्यार निघायला आणखी चार दशकं गेली. तोवर छिन्नी आणि हातोडा.

कॅलिफोर्नियात फ्रान्सिस कटिंग यांची कंपनी 1858 पासून सॅन फ्रान्सिस्कोत हा धंदा करत होती. सांता क्लारा खोऱ्यात तो आणला एका डॉक्टरने. 1871 मध्ये सॅन होजेच्या डॉ. जेम्स डॉसन यांनी घरामागच्या छपरात, साध्या चुलीवर, पत्नीच्या मदतीने फळं डब्यात भरायला सुरुवात केली. त्यातून पुढे सॅन होजे फ्रूट पॅकिंग कंपनी उभी राहिली. तेव्हाचा डबाही हाताने होई. माथ्यावरच्या भोकातून फळ आणि पाक भरायचा, भोकावर पत्र्याची टिकली ठेवून कडेने डाख द्यायचा, टिकलीत वाफेसाठी एक बारीक छिद्र ठेवायचं आणि उकळून झाल्यावर तेही डाखाच्या थेंबाने बुजवायचं. कॅलिफोर्नियाच्या कॅनऱ्यांत हे काम मुख्यतः चिनी कामगार करत. 1882 मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना दारं बंद केली आणि सोलण्या-कापण्याच्या टेबलांवर इटालियन, पोर्तुगीज बायका आल्या. मजुरी नगावर. जितके ट्रे, तितके पैसे.

माझ्या मुद्द्याशी खरी गाठ पडते ती पुढच्या गोष्टीची. कॅनरीवाल्यांनाही थांबता येत नव्हतं. दीड-दोन महिन्यांच्या हंगामात फळ, पत्रा, साखर आणि मजुरी या सगळ्यासाठी बँकेतून पैसा उचलायचा, डबे भरायचे आणि हप्ता आला की मिळेल त्या भावाला दलालाच्या गळ्यात घालायचे. डबा वर्षभर टिकत होता, मालकाची ऐपत तेवढी टिकत नव्हती. 1893 च्या मंदीनंतर एकमेकांचे भाव पाडून सगळेच दमले. 1899 मध्ये 18 कंपन्या एकत्र येऊन 'कॅलिफोर्निया फ्रूट कॅनर्स असोसिएशन' झाली. कटिंग त्यात आले, डॉसनच्या छपरातून निघालेली सॅन होजेची कंपनीही आली. इटलीतून आलेले मार्क फोंटाना हे त्यातलं मोठं नाव. 1906 च्या भूकंपाने सॅन फ्रान्सिस्को जमीनदोस्त झाल्यावर वर्षभरात या कंपनीने बंदराजवळ विटांची अवाढव्य कॅनरी बांधली. फळं आणि भाज्या डब्यात भरणारा तो जगातला सगळ्यात मोठा कारखाना मानला जाई.

1916 मध्ये आणखी मोठी मोट बांधली गेली आणि 'कॅलिफोर्निया पॅकिंग कॉर्पोरेशन' जन्मली. लोक तिला कॅलपॅक म्हणत. त्यात ही असोसिएशन होती, दुसरी एक कॅनरी कंपनी होती, सुकवलेल्या फळांची ग्रिफिन अँड स्केली होती आणि चौथी होती जे. के. आर्म्सबी. ही आर्म्सबी कंपनी म्हणजे दलाल. ज्याच्या गळ्यात माल घालावा लागे त्यालाच घरात घेतलं. 60 हून अधिक कारखाने एका छत्राखाली आले आणि आता ही कंपनी बाजाराला सांगू शकत होती की यंदा भाव पडलेत, आम्ही गोदामाला कुलूप लावून बसतो.

त्या मोटेत बागायतदार मात्र कुठेच नव्हता.

या सगळ्या डब्यांवर जे नाव चढलं तेही बागेतून आलेलं नव्हतं. मॉन्टरे इथे 'डेल मॉन्टे' नावाचं एक आलिशान हॉटेल होतं. 1880 च्या दशकात ओकलंडच्या एका व्यापाऱ्याने त्या हॉटेलासाठी केलेल्या कॉफीला ते नाव दिलं. पुढे ओकलंड प्रिझर्व्हिंग कंपनीने 1892 मध्ये ते पीचच्या डब्यावर चिकटवलं आणि ती कंपनीही 1899 च्या मोटेत आली. 1917 मध्ये कॅलपॅकने राष्ट्रीय नियतकालिकांत या नावाच्या जाहिराती सुरू केल्या. तोवर किराणा दुकानात बाई 'पीचचा डबा द्या' म्हणत होती, आता ती 'डेल मॉन्टे द्या' म्हणू लागली. पीच कुठल्या खोऱ्यातला, कुणाच्या झाडाचा, याला काही अर्थ उरला नाही. सगळा पैसा लेबलावर जमा होऊ लागला. 1967 मध्ये तर कंपनीने स्वतःचं नाव टाकून लेबलाचंच नाव घेतलं.

आता कुणी म्हणेल, लेबल त्यांनी मेहनतीने उभं केलं, त्याचे पैसे त्यांनी घ्यावेत, यात वावगं काय? काहीच नाही. फक्त ते एकट्याच्या मेहनतीने उभं राहिलं असं म्हणू नये. ऑगस्ट 1919 मध्ये ओहायोतल्या कँटन शहरात एका मेजवानीत कॅलिफोर्नियाचे डबाबंद ऑलिव्ह खाऊन सात जण दगावले. कारण बोट्युलिझम, म्हणजे एका जंतूच्या विषाची बाधा. आंबट फळांत हा जंतू वाढत नाही, त्यामुळे पीच किंवा आंब्याचा रस उकळत्या पाण्यात भागतो. ऑलिव्ह, पालक, मका, शतावरी यांत आम्ल कमी. तिथे बीजाणू उकळीला दाद देत नाहीत; दाबाखाली 116 अंश सेल्सियसच्या आसपासची उष्णता बराच वेळ द्यावी लागते. मिशिगनमध्येही बळी गेले आणि गिऱ्हाईक डब्यालाच घाबरलं. मग कॅनरीवाल्यांनीच कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कार्ल मेयर यांच्या संशोधनाला पैसे दिले आणि 1925 मध्ये राज्याने कॅनरी तपासणीचा कायदा केला. सरकारी निरीक्षक कारखान्यात बसले, खर्च कारखानदारांनी उचलला आणि तक्रार न करता उचलला, कारण डब्यावरचा विश्वास तर त्यांनाच विकायचा होता.

ही हकिकत मला सोडवत नाही, कारण आपल्याकडे कारखान्याला अनुदान देताना एखादी अट घालायची म्हटली की 'उद्योग पळून जाईल' असं सांगितलं जातं. कॅलिफोर्नियाचा पळाला नाही. स्त्री-कामगारांच्या मजुरीचा पहिला सरकारी आदेशही त्या राज्याने 1916 मध्ये याच धंद्याला लावला होता. अटी आल्या आणि धंदा वाढला.

बागायतदार तिथे हळूहळू शहाणे झाले. कॅनिंगचा पीच वेगळा असतो. त्याचा गर कोयीला घट्ट चिकटलेला, शिजवला तरी आकार न सोडणारा. तो ताज्या बाजारात कुणी फारसं घेत नाही. म्हणजे झाड लावतानाच तुम्ही कॅनरीच्या हातात गेलात. 1922 च्या कॅपर-व्होल्स्टेड कायद्याने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन भाव ठरवणं मक्तेदारीविरोधी कायद्यातून मोकळं झालं आणि पीचवाल्यांच्या संघटना कॅनऱ्यांशी हंगामाआधी टेबलावर बसून बोलू लागल्या. तरीही पुढच्या काळात अशी वर्षं आली की जास्तीचा माल नको म्हणून ठरवून हिरवी फळं झाडावरून पाडून टाकली गेली. जगातला सगळ्यात प्रगत प्रक्रिया उद्योग शेजारी असताना! पण निदान पाडायचं किती, हे ठरवताना खोलीत बागायतदारही होता.

काही बागायतदारांनी तर स्वतःच्या सहकारी कॅनऱ्या काढल्या. ट्राय व्हॅली ग्रोअर्स ही त्यातली बलाढ्य. जुलै 2000 मध्ये ती दिवाळखोरीत गेली आणि तिच्या हातातला नावाजलेला एस अँड डब्ल्यू ब्रँड पुढच्या वर्षी विकत घेतला डेल मॉन्टेने. मालकी शेतकऱ्याची झाली म्हणजे प्रश्न सुटला, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आपल्या सहकारी साखर कारखान्यांची यादी पाहिली तरी तेच कळतं. आणि डेल मॉन्टे तरी कुठे अमर? 1979 मध्ये तिला सिगारेटवाल्या आर. जे. रेनॉल्ड्सने घेतलं, नंतर तिचे तुकडे झाले, हातोहात विकली गेली आणि जुलै 2025 मध्ये अमेरिकेतल्या डेल मॉन्टे फूड्सने कर्जाच्या ओझ्याखाली दिवाळखोरी कायद्याचा आसरा घेतला. ताज्या फळांच्या जमान्यात डब्याला गिऱ्हाईक कमी झालं, हे त्याचं एक कारण. पण अशा कंपनीची ही अवस्था होते तेव्हा तिच्याशी करार केलेल्या पीचवाल्याने झाडं ठेवायची की उपटायची?

आता आपल्याकडे येऊ. कारखाने असले म्हणजे भाव टिकतो, या समजुतीला ताजं उत्तर 2025 च्या हंगामात आंध्रच्या चित्तूर जिल्ह्याने दिलं. तोतापुरी आंब्याचा पल्प (गर) करणारे कारखाने तिथे रग्गड. तरीही भाव असा बसला की राज्य सरकारला किलोला 12 रुपये जाहीर करावे लागले: 8 कारखान्याने द्यायचे आणि 4 सरकारने. कारण काय? कारखान्यांकडे आधीच्या वर्षीचा पल्प पडून होता. म्हणजे डब्याने आपलं काम चोख केलं होतं. गेल्या वर्षीचा आंबा त्यात थांबला होता आणि तोच या वर्षीच्या आंब्याचा भाव पाडत होता. थांबलेला माल ज्याच्या ताब्यात, बाजू त्याचीच.

टोमॅटोचं दुखणं निराळं. नारायणगावला येतो तो भाजीचा टोमॅटो. वाहतुकीत टिकणारा, आत पाणी जास्त. पेस्ट करायची तर रस आटवून ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या घनपदार्थांचं शेकडा प्रमाण, 28-30 पर्यंत न्यावा लागतो. चार-साडेचार ब्रिक्सच्या टोमॅटोतून एक किलो पेस्टला सहा-सात किलो माल लागतो आणि पाणी उडवायला इंधन लागतं ते वेगळंच. त्यामुळे कारखान्याला घनपदार्थ जास्त असलेली वेगळी जात, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या शेतातून हवी असते. भाव पडल्यावर यार्डात उरलेला माल घेऊन जाणारी घंटागाडी असं आपण ज्याला समजतो, तो प्रक्रिया कारखाना नव्हेच. वर्षातून तीन आठवडे पडेल भावाचा माल मिळणार म्हणून कुणी बॉयलर लावत नाही.

हापूस या दोन्हींच्या मधला. त्याचा खरा बाजार ताज्या पेटीचा, कॅनिंगला जातो तो उरलेला. म्हणून त्याचा बागायतदार पीचवाल्याहूनही दुबळा: कॅनरीशी आधी बोलणी करायला त्याच्या हातात काय आहे? किती आंबा कॅनिंगला जाईल, हे मार्चमधल्या उन्हावर आणि एप्रिलमधल्या वाशीच्या भावावर ठरतं. 'आधी दर सांगा' म्हटलं की कारखानदार म्हणतात, 'आधी माल सांगा.' त्यांचंही चूक नाही.

उसाचं उदाहरण इथे नेहमी देतात. प्रवरानगरला 1950 च्या सुमारास शेतकऱ्यांचा कारखाना उभा राहिला, उसाला हंगामाआधी किमान दर जाहीर होतो, माल पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावेत असं बंधन आहे. बंधन पाळलं जात नाही आणि थकबाकीच्या बातम्या दरवर्षी येतात, हे खरं; पण थकबाकी मागायला आधार तरी असतो. सरकारच्या अनुदानावर उभ्या राहिलेल्या फळप्रक्रिया कारखान्याला निदान तेवढी अट लावावी, असं मला वाटतं. मोहोर धरल्यावर दराचं सूत्र लिहून जाहीर करा, 14 दिवसांत पैसे द्या. ज्यांना अनुदान नको त्यांनी खुशाल आपल्या मर्जीने दर काढावा.

पण एवढ्याने भागणार नाही, कारण मूळ मुद्दा वेळेचा आहे. 1899 पासून एकत्र येत त्या कॅनऱ्यांनी थांबायची जी ताकद मिळवली ती बागायतदाराला मिळेल का? मला वाटतं मिळेल आणि त्यासाठी त्याने कारखान्याचा मालक व्हायलाच हवं असं नाही. ट्राय व्हॅलीने तोच जुगार खेळला होता. कोकणात आपले आंबे देऊन, भरणावळ मोजून, रसाचे डबे भरून आणण्याची पद्धत घराघरांत आहे. मुंबईच्या पाहुण्यांना जूनमध्ये आमरस मिळतो तो त्यातूनच. हीच गोष्ट शेतकरी उत्पादक कंपनीने शंभर टनांवर केली तर? कारखान्याला भरणावळ मिळाली, बॉयलर चालला, बाजाराची जोखीम त्याच्या डोक्यावर नाही. डबे बागायतदारांचे.

अडचण एकच, 1890 च्या कॅनरीवाल्यांची होती तीच. डबे ऑक्टोबरपर्यंत ठेवायचे तर जूनमध्ये भरणावळ, खत, मजुरी, पोराची फी कुठून द्यायची? याला उत्तर आपल्याकडे तयार आहे. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना सोयाबीन, तूर, हळद, बेदाणा यांवर वर्षानुवर्षं कर्ज देते आहे: माल गोदामात ठेवा, ठराविक टक्के रक्कम उचला, भाव आला की विका. 2007 च्या गोदाम कायद्याने तर गोदामाची पावतीच बँकेत चालू शकते. बेदाणा चालतो, मग हापूसचा पल्प का नको? बेदाण्याला शीतगृह लागतं, डब्याला साधं कोरडं छप्पर पुरतं.

यावर दोन आक्षेप मला ऐकू येतात. सगळ्यांनीच डबे धरून ठेवले तर चित्तूरसारखा साठा साचेल. साचू शकतो, पण मग पुढच्या मोसमात किती भरायचं, हे ज्याच्या गोदामात डबे पडलेत तोच ठरवेल, आणि उरलेला आंबा त्याने वाशीला पाठवावा की कारखान्याला विकावा हेही तोच पाहील. दुसरा आक्षेप बँकेचा: फळाच्या डब्याची प्रत कोण सांगणार, त्याची किंमत काय धरायची? सोयाबीनची ओल मोजावी लागते, हळदीचं पॉलिश पाहावं लागतं. पल्पच्या तीन किलो शंभर ग्रॅमच्या डब्यावर भरल्याची तारीख, मुदतीची तारीख, परवाना क्रमांक आणि बॅच छापलेली असते, आणि त्या बॅचचा ब्रिक्स व आम्लता कारखान्याच्या वहीत लिहिलेली असते. तारणाला याहून जास्त काय लागतं, हे पणन मंडळाने एकदा सांगावं.